उल्लेखांचा रकाना

बोरगाव मेघे, १२ ऑगस्ट १९८०

कॉलेजातल्या बढतीच्या अर्जात एक रकाना आहे: आपल्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती ठिकाणी केला? आज ग्रंथपालांनी सूची शोधून दिली. नवजात बाळांच्या वजनावरचा माझा निबंध, चार वर्षांची मेहनत, आणि उल्लेख फक्त एक. तोही तळटीपेत, माझं आडनाव चुकवून. सकाळभर त्या आडनावावरच चरफडत होते.

दुपारी कामासाठी तळेगावला गेले, तिथे सिंधूबाई भेटली. याच निबंधासाठी तिच्या मुलीचं वजन जन्माच्या दिवशी मीच केलं होतं. फारच कमी भरलं होतं. "लवकर दवाखान्यात न्या," एवढं सांगून मी पुढच्या घरी गेले. नवव्या दिवशी पोर गेली.

आज चहा देताना सिंधूबाईने विचारलं, "बाई, तुमी माह्या पोरीचं वजन लिहून नेलतं. कोनाच्या कामी पडलं काय?"

"छापलंय," म्हटलं. "पण नावं छापत नाहीत, नुसते आकडे."

"नाव ठेवलंच कुठी होतं, बाई. बारसं व्हाच्या आंधीच गेली थे."

वजन केलं त्या दिवशी आमची जीप तिच्या दारातच उभी होती. मायलेकींना तीत बसवून वर्ध्याला आणता आलं असतं. अजून सहा घरं राहिली होती, म्हणून नाही आणलं. हे तिला आजही सांगितलं नाही. निबंधात तर नाहीच.

अर्ज समोर कोरा पडला आहे. उद्या शेवटचा दिवस. आणि मी तो भरणार, हेही मला ठाऊक आहे.