सवलतीच्या काडतुसांबाबत, आणि ते न जमल्यास एका पत्राबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी (क्रीडा शस्त्रे),
परवाना शाखा, तळमजला.

विषय : नेमबाजीच्या सरावासाठी पिस्तुलाची काडतुसे परवडतील अशा दराने मिळणेबाबत.
संदर्भ : काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांबाबत खुलासा मागणारी आपली नोटीस.

महोदय,

अर्जदाराचा लाँड्रीचा धंदा असून त्याची धाकटी मुलगी पिस्तूल नेमबाजीची खेळाडू आहे. पिस्तूल तिच्या नावच्या रीतसर परवान्यावरचे, जुने, वापरलेले आहे. ते घेण्यासाठी अर्जदाराने दुकानातली वाफेची इस्त्री विकली. पिस्तूल एकदाच घ्यावे लागते, काडतुसे मात्र जन्मभर लागतात, हे तेव्हा ध्यानात आले नाही. आपल्या कार्यालयाकडून खेळाडूंना मिळणारी सवलत धरूनही एका पेटीला घरचा आठवड्याचा किराणा जातो आणि पेटी एका सकाळी संपते.

सबब मुलगी पिस्तूल रिकामे ठेवून नुसता चाप ओढण्याचा सराव करू लागली. खेळाडू त्यास कोरडा सराव म्हणतात. दुकानामागच्या खोलीत पांढरी चादर टांगून तिच्यावर कोटाचे काळे बटण टाचले होते, त्यावर ती नेम धरी. "भिंतीला भोक न पाडता नेमबाजी शिकणारी आमचीच," असे तिची आई म्हणे आणि जेवण झाकून ठेवी. खरी काडतुसे फक्त रविवारी, मैदानावर, जपून वापरली जात.

ही काटकसरच अंगाशी आली. वापर कमी, सबब गरज कमी, असा शेरा मारून आपल्या कार्यालयाने वर्षअखेरीस मुलीचा सवलतीचा कोटा निम्मा केला. अर्जदाराने खिडकीवर बरेच खेटे घातले. तेथील लिपिकसाहेब भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "काका, वापर दाखवा. रिकाम्या पुंगळ्या आणून द्या, कोटा वाढेल." अर्जदाराने ते शब्दशः घेतले. मैदानावर इतरांनी उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या वेचल्या, धंद्याच्या सवयीने धुऊन पुसून लख्ख केल्या आणि पिशवीभर जमा केल्या. मोजणीत त्या दिलेल्या काडतुसांपेक्षा जास्त भरल्या. जादा काडतुसे कोठून आणली, असे विचारणारी नोटीस आली आणि चौकशी संपेपर्यंत उरलासुरला कोटाही थांबला. खुलासा दिलेला आहे. चौकशी चालू आहे.

अशातच निवड स्पर्धा आली; स्पर्धेपुरती काडतुसे आयोजकांनी दिली. मधले कित्येक महिने मुलीने एकही खरी गोळी झाडली नव्हती. पहिला बार झाला आणि धक्क्याने तिचा हात वर उडाला. पुढे तर चाप ओढण्याआधीच हात दचकू लागला. अर्जदार मागच्या बाकावर बसून पाहत होता. ती शेवटून दुसरी आली.

घरी येऊन तिने बटण काढले, चादर धुण्यात टाकली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या हातातच नाहीये ते." दोष हाताचा नाही, काडतुसेच नव्हती, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. पुंगळ्यांचे तोवर झाकून ठेवलेले प्रकरणही सांगून टाकले. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही बाबा आहात. तुम्ही असंच म्हणणार." आता ती दुकानात कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावते. काम नेटके करते, कुरकुर करत नाही, आणि अर्जदाराला याचेच फार वाईट वाटते. संध्याकाळी मागची खोली इतकी गप्प असते की अर्जदार रेडिओ लावून ठेवतो, ऐकत कोणीच नाही.

तरी विनंती की, कोटा पूर्ववत करून दर परवडेल असा ठरवावा. ते नियमात बसत नसल्यास निदान एक पेटी द्यावी. तेही शक्य नसल्यास अर्ज खुशाल नामंजूर करावा, अर्जदार पुन्हा खिडकीवर येणार नाही. फक्त नामंजुरीचे पत्र मुलीच्या नावे पाठवावे, आणि निवड स्पर्धेपूर्वी सदर खेळाडूस काडतुसे मिळाली नाहीत, ती या कार्यालयाने दिली नाहीत, एवढे त्यात लिहावे. खाली सही आणि गोल शिक्का असावा. बापाचे ती ऐकत नाही, शिक्क्याचे ऐकेल.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
अर्जदार, लाँड्रीवाला
दिनांक : आवकच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. परवान्याची प्रत
२. खुलाशाची प्रत
३. मुलीचे नाव-पत्ता घातलेले, तिकीट लावलेले रिकामे पाकीट