कुपीवरचं नाव

३ मार्च १९९६, जालना
आज कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. स्वतंत्र खोली, काळे पडदे आणि नवाकोरा लेसर. स्वारी खूश आहे. कपाशीवरचं फवारणीचं औषध उन्हात कसं मोडतं, ते शोधायचंय. मोडताना मधेच एक पदार्थ जन्मतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. लेसरच्या झोताने त्याला जन्माला घालायचं, दुसऱ्या प्रकाशात बघायचं. यंत्राच्या पडद्यावर रेष उसळते, खाली येते, संपलं. सहकारी भुजंगराव म्हणाले, आपली सगळी ओळख मयतांशीच. पुष्पा बाळंतपणाला भोकरदनला, आईकडे. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते.

७ मार्च
नवाच पदार्थ सापडला. माहीत असलेल्या पदार्थांच्या तक्त्यात कुठे नाही. नमुन्याच्या काचेच्या कुपीवर काहीतरी लिहायला हवं, म्हणून गमतीने ‘रेवा’ लिहिलं. मुलगी झाली तर पुष्पाने हेच नाव ठरवलंय. बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी आहे. कुपीला काय कळतंय.

११ मार्च
रेवाचं आयुष्य वाढतंय. परवा सेकंदाचा लाखावा भाग, आज चक्क दोन सेकंद. यंत्र तपासलं, ठीक आहे. फोनवर पुष्पा म्हणाली, बाळ हल्ली कमी फिरतं. जेवण गेलं नाही.

१४ मार्च
नमुना ओतून दिला, कुपी बदलली. तरी तीच रेष. मिनिटभर टिकते, आणि मधे मधे थरथरते — ठोके पडावेत तशी. भुजंगराव हसले नाहीत.

१५ मार्च
सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचं नाव कडूबाई. म्हणाल्या, “माझ्याआधीची तीन लेकरं गेल्ती, म्हणून माझं नाव असं ठेवलं. जल्मायच्या आधी नाव भायेर काढत न्हाईत, जावईबापू. ज्याला नाव भेटलं ते जगून राह्यलं. मंग दुसऱ्यानं काय करावं?”
जुनी कुपी शोधून नाव स्पिरिटने पुसलं. मला भीती वाटते आहे.

१६ मार्च
लेसर बंद. सगळे प्लग काढले. पडद्यावर रेष चालूच — उतरत नाही. पुष्पाला दवाखान्यात नेलंय. बाळाचे ठोके मंद —

१७ मार्च, दुपार
मुलगी झाली. श्वास आहे. पण रडत नाही. अजून एकदाही नाही.
इथे काळ्या पडद्यामागे तान्हं मूल रडतंय. भुजंगरावांनीही ऐकलं. ते निघून गेले.
हातोडा घेतलाय. यंत्रातली कुपी फोडली तर मुलीला तिचं रडू परत मिळेल — की दोघीही —

उचलला. पण ते रडणं इतकं केविलवाणं — तोंडातून निघून गेलं, उगी रेवा, उगी —
लगेच शांत झाली.
फोन वाजतोय. भोकरदनचाच अस—