नयनावहिनीचं वजन का थांबलं

अल अझीझिया, दोहा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
ओवीचा नमस्कार.

नयनावहिनीचं वजन उतरायचं का थांबलं, असं तू मला विचारलंस. घरात पदवी माझ्या एकटीकडे, तीही आहारशास्त्राची, म्हणून विचारलंस. खरं सांगते, मला याचं नेमकं उत्तर देता येत नाही. पुस्तकातली कारणं देता येतात. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, म्हणून सुरुवातीला भराभर उतरणारं वजन पुढे रेंगाळतं. सगळ्यांचंच रेंगाळतं. त्यात तिचा गुन्हा नाही.

इकडे सगळे बरे आहोत. उकाडा संपला, संध्याकाळी बाहेर चालता येतं. तुझं मेतकूट पोचलं. बाबांचा खोकला कसा आहे? वसंतरावकाका उद्या नाशिकला निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि शेजारच्या पुष्पावतीमावशी मध्येच ओरडतात, "सुनेचं वजन किती झालं गं?"

आधी त्या फोटोंचं बोलू. दर शुक्रवारी दादा वहिनीला काट्यावर उभं करतो आणि आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. आकड्याबरोबर तिचे पायही दिसतात, जोडव्यांसकट. मागच्या वेळी काटा जागचा हलला नव्हता, तर मामाने लिहिलं, ‘कतारमध्ये पनीर स्वस्त झालं वाटतं!’ त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. त्यात तुझंही होतं. वहिनीने ते वाचलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

ती चोरून खाते, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मी तिच्याच घरात राहते. ती चोरून काही खात नाही. मी आखून दिलेलं मूग, मटकी, ताक, पनीर, भाजी आणि भाकरी तिने कुरकुर न करता खाल्लं. अलिबागची मुलगी, मासळीवर वाढलेली. निदान अंडं असतं तर सोपं गेलं असतं, पण तू समुद्रापलीकडच्या या स्वयंपाकघरातही अंडं शिरू दिलं नाहीस. ठीक आहे. शाकाहारातही जमतं. जमत होतंच.

मग तू उपवास लावलेस. सोमवार, चतुर्थी, एकादशी. "मूलही होईल आणि वजनही उतरेल, एका दगडात दोन कामं," असं म्हणालीस. आई, आपला उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि वरून तूप. डाळ बंद, उसळ बंद. म्हणजे जे खायला हवं ते बंद आणि जे टाळायला हवं ते देवाच्या नावाने ताटात. माझ्याबरोबर काम करणारी रत्नागिरीची साजिदा एका सोमवारी घरी आली होती. वड्यांचं ताट बघून म्हणाली, "हा उपवास? अगो, आमच्या इफ्तारला पण एवढं तळण नसतं!" आम्ही तिघी हसलो. वहिनी हसता हसता म्हणाली, "काय करू साजिदा, आई फोन करून विचारतात, धरलास ना?" आता मार्गशीर्षातले गुरुवारही धर म्हणून तू तिला सांगितलंस.

इथे थांबले असते तर तुला वाटलं असतं, ओवी नेहमीसारखी साबुदाण्यावरून भांडतेय. पण मी साबुदाण्यासाठी कागद घेऊन बसलेली नाही. हे तुलाही माहीत आहे.

मंगळवारी दादाची शिफ्ट होती, म्हणून मुलासाठी ज्यांचे उपचार चाललेत त्या डॉक्टरीणबाईंकडे वहिनीबरोबर पहिल्यांदाच मी गेले. त्या इंग्रजीत बोलतात. वहिनीला ते कळत नाही. आजवर दादा ऐकायचा आणि तिला मराठीत सांगायचा. वर्षभर त्याने एकच सांगितलं, "आधी वजन कमी कर म्हणतायत, त्याशिवाय पुढे काही नाही."

बाईंनी मला विचारलं, "हिचे पती कधी येणार?" त्याच्या तपासणीत दोष निघाला होता. पुन्हा तपासणी करा, मग उपचार ठरवू, असं त्यांनी त्याला केव्हाच सांगितलं होतं. मी वजनाचं विचारलं तर म्हणाल्या, "उतरलं तेवढं छान झालं. आता आमचं काही वजनावाचून अडलेलं नाही."

वहिनी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "काय म्हणाल्या गं? रागावल्या का? या महिन्यात काहीच नाही उतरलं ना माझं."

"नाही रागावल्या," मी म्हटलं. "घरी गेल्यावर बोलू."

आधी मला ते दादाच्या तोंडून ऐकायचं होतं. रात्री शिफ्टवरून आला तसा त्याला खाली गाडीपाशीच गाठलं.

"तू तिला खोटं का सांगितलंस?"

"खोटं काय त्यात? वजनाचंही म्हणाल्या होत्या त्या."

"आणि तुझं?"

तो किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "आईला माहितीये. तीच म्हणाली, वजनाचं आहेच, तेवढंच पुढे कर. हिला कळलं तर माहेरी कळणार, मग गावात तोंड कसं दाखवायचं?"

आई, तुला माहीत होतं. माहीत असून तू तिला उपवास सांगत होतीस. माहीत असून त्या फोटोखाली हसलीस.

दादाने मला शिकवलं. स्वतः दहावीनंतर कामाला लागला आणि मला कॉलेजात घातलं, हे मी कधी विसरणार नाही. त्याच्या शरीरात काही कमी आहे म्हणून मला त्याचा राग नाही. आजार कुणालाही होतो. राग याचा आहे, की त्याने आपली लाज तिच्या अंगावर चढवली आणि वर ती दर शुक्रवारी मोजली. तू त्याला मदत केलीस. तू बाई असून केलीस.

बुधवारी तुझा फोन आला. त्या वेळी मात्र स्पीकर बंद होता. "तू शिकलेली आहेस, शहाणी आहेस. घरातलं घरातच ठेव. तिला काही बोलू नकोस." वहिनी घरातली नाही का गं? मग ती कुठली? आणि मी शिकले ते गप्प कसं बसायचं हे शिकायला का?

मी तुला काही उत्तर दिलं नाही. हे पत्र म्हणजेच ते उत्तर.

काल जेवताना, दादा समोर असतानाच, मी वहिनीला सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, दादाने त्यातलं काय सांगितलं, काय गाळलं, आणि तुला काय माहीत होतं. दादा दोनदा म्हणाला, "ओवी, खलास. बस झालं." मी थांबले नाही. वहिनी रडली नाही. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मला डॉक्टरकडून येताना गाडीत सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो. मी कुणाला सांगणार होते?"

पुढे ती काय करील, हे मला माहीत नाही. ते ती ठरवील. मी माझं केलं आहे, आणि विचारून केलेलं नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ओवी