कुरण मोडलं ते साल

माय, आपल्या माळावर माणसाचं पोट भरतं का, यावर तू आणि बा जन्मभर भांडलात आणि निकाल न लावताच दोघं निघून गेलात. मला लिहाय-वाचायला येतं हे तुला ठाऊक नाही. म्हातारपणी नातीच्या पाटीवर शिकले. अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, पण लागतं. तर आता ऐक, मधे मधे बोलू नको.

शिरड शहापूरच्या वरच्या अंगाला आपलं घर. खाली कुरुंद्याकडं काळीभोर जमीन, आणि आपल्याकडं वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, वर नुसतं गवत. सासरच्या बायका मला विचारायच्या, गवतावर काय माणसं जगत्यात व्हय? जगत होतो की! गाई होत्या, तू तूप कढवायचीस, बा बैलावर घागरी लादून वसमतच्या बाजाराला न्यायचा आणि येताना ज्वारी आणायचा. भाकरी मात्र कायम अर्धीच वाट्याला यायची. उरलेलं पोट तू ताकानं भरायचीस, नाहीतर पाल्यानं. तरोटा, कुर्डू, पाथरी, कुरणाच्या कडेला जे उगवेल ते ओट्यात खुडून आणायचीस. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, माळ जेवू घालत न्हाई, पर उपाशीबी मारत न्हाई. मला असा राग यायचा! खालच्या गावातली पोरं दोन दोन भाकरी खातात आणि आमी शेळ्यावानी पाला खातो, असं मी एकदा तुझ्या तोंडावर बोलले, तर तू उलथनं उगारलंस.

मग लढाईची वर्षं आली. निजाम सरकारची माणसं गावोगाव सक्तीनं लेव्हीचं धान्य घेऊ लागली, नाक्यावर ज्वारीचं पोतं दिसलं की अडवू लागली. बा तुपाच्या घागरी घेऊन जायचा आणि त्याच घागरी घेऊन परत यायचा, कारण तुपाच्या बदल्यात कुणी मूठभर ज्वारी द्यायला तयार नव्हतं. तूप खाऊन का दिवस निघतात? त्या उन्हाळ्यात आपल्या घरी माणशी चतकोर भाकर राहिली. तेव्हा गावच्या गड्यांनी ठरवलं, कुरण मोडायचं आणि तिथं ज्वारी पेरायची. आपल्या कुरणाची रीत केवढी कडक होती! गवत पिकून त्याचं बी खाली पडेपर्यंत कुणी विळा लावायचा नाही, मग सगळ्या गावानं मिळून कापायचं. ती रीत एका सकाळीत मोडली. नांगर जुंपायच्या दिवशी घरच्या बाईनं बैलांना ओवाळायचं असतं, म्हणून तू ओवाळलंस, कुंकू लावलंस, आणि चारचौघांत बाला म्हणालीस, "यंदा मिळंल. पुढच्या साली काय खायाचं ते आत्ताच ठरवून ठिवा." लोक हसले. बा म्हणाला, आज तरी बरं बोल.

आणि मिळालं बघ. ज्वारी पुरुषभर वाढली, लेव्हीचं देऊनसुद्धा कणगी गळ्याला लागली. त्या हिवाळ्यात चुलीपुढं भाकरींची चळत असायची, कुणी मोजत नव्हतं. खायची मीठ-मिरचीशीच, कारण गवत गेलं तशा गाई विकाव्या लागल्या, एक तांबडी राहिली आणि तीही आटत आलेली. पाला तर नांगराखालीच गेला. पण त्याची कुणाला पडली होती? माझ्या धाकट्या भावाचे गाल असे गुबगुबीत झाले की बा त्याला पाटील म्हणून हाक मारायचा. हा पाटील दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळायचा, कधी भिंतीला धडकायचा. आम्ही म्हणायचो, पाटील शिंदी पिऊन आले, आणि पोट धरून हसायचो. तू हसली नाहीस. एका सांजेला तू त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरलास आणि त्यानं हात भलतीकडंच नेला.

"ह्याला दिसत न्हाई," तू म्हणालीस.

दिवसा तर चांगला खेळून राहिला, असं बा म्हणत राहिला. गावच्या सुईणीनं बघितलं आणि सांगितलं, रातांधळं आहे, दूध पाज, हिरवा पाला खाऊ घाल. मला तुझं तोंड आठवतं. कणगी भरलेल्या घरात तू दूध आणि तरोटा मागायला दारोदार गेलीस आणि रिकामी परत आलीस. सगळ्यांचं कुरण एकच होतं, त्यामुळं सगळ्यांच्या घरी तीच गत.

पुढच्या साली पेरणीपुरता पाऊस झाला आणि तोंड काळं करून गेला. ज्वारी गुडघ्याएवढी खुरटून उभी राहिली. अशा कोवळ्या, तहानलेल्या ज्वारीला किराळ असते, विषच ते, जनावरानं खाल्ली की उभ्या उभ्या मरतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून बानं शेताला सगळीकडं कुंपण म्हणून बोराटीची काटी लावली होती. मग एक सर आली, बुडाशी हिरवेगार फुटवे आले, आणि लोक म्हणू लागले, पाऊस झाला, आता किराळ उतरली. दुसरं गवत कुठंच नव्हतं, माय. असतं तर तू विश्वास ठेवला नसतास.

भर दुपार आहे. तू धाकट्याला माझ्या कडेवर देतेस, तांबडीचा दोर धरतेस आणि काटी बाजूला सारतेस. चार घास खाऊ दे, सांजच्याला लेकराला वाटीभर तरी देईल, असं पुटपुटतेस. तांबडी आधाशासारखी खाते. मग मान वर करते, थरथरते, तोंडाला फेस येतो आणि ती गुडघ्यांवर बसते. तू तिच्या तोंडात गुळाचं पाणी ओततेस, गळ्यात हात घालून तिलाच शिव्या देतेस. ऊन उतरायच्या आत ती गेली. बा आला, त्यानं काटी बघितली, तुझ्याकडं बघितलं, आणि लोक जमले तेव्हा म्हणाला, "काटी म्याच नीट लावली न्हवती." मरेपर्यंत तो तेच सांगत राहिला.

त्यानंतर गोवर आला. गावातल्या सगळ्याच लेकरांना आला, अंगावर उठला आणि उतरला. आपल्या पाटलाच्या मात्र दोन्ही डोळ्यांत फूल पडलं, दिवसाचंही दिसेनासं झालं. रझाकारांच्या धामधुमीत गाव रानात पळालं तेव्हा तू त्याला पाठीशी बांधून चाललीस, एवढा थोराड पोरगा, आणि त्याच रानात तापानं गेलीस. मला तुझा फार राग आला होता. अजून येतो. कुरण मोडू नका म्हणून एकटी सांगत होतीस, आणि काटीही तूच सारलीस. तुझ्या जागी मीही सारली असती, म्हणून तर राग जात नाही.

धाकटा माझ्याचजवळ असतो, केस पांढरे झाले त्याचे. आत्ता ओसरीवर शेजारी बसून विचारतो, अक्का, काय लिहून राहिलीस? मायला लिहिते म्हटलं, तर म्हणाला, वाच. वाचून दाखवलं. काटीपाशी आले तेव्हा बाचं बोलणं तेवढं वाचलं, तू काटी सारलीस ते गाळलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग हसून म्हणाला, "आपल्या घरात तेच एक साल सुखाचं गेलं न्हाई का गं अक्का? किती भाकरी व्हत्या!"

हे तुला धाडायचं कुठं, तेव्हा इथंच राहू दे. मी त्याला व्हय म्हणाले. आणि माय, ते त्याचं मन राखायला म्हणाले नाही. तसं पोटभर मी पुन्हा कधीच जेवले नाही.