ऋतुजा आत का वळते

हदगाव,
शुक्रवार, २१ मार्च २०२५

चि. सत्यशीला हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ऊन आत्तापासूनच मी म्हणतंय. तू जेवणाच्या वेळा पाळत नसशीलच. शाळेत असताना डबा मैत्रिणींना वाटून ग्राउंडवर पळायचीस. आता लातूरच्या क्रीडा वसतिगृहात फुटबॉलची कोच झालीस, चाळीस पोरींवर ओरडतेस, तेव्हा पोटात काही ढकलत जा.

सोमवारी तू फोनवर म्हणालीस, "सर, ऋतुजाचं लेखी द्या. जमेच्या बाजू, उणिवा, जागा कोणती. रविवारी सकाळी सातला तिला परत एकदा बघते, सोमवारी यादी जाते." ते हे लेखी. तिच्या आईच्या, पंचफुलाबाईच्या हाती पाठवतोय. पोरीला मैदानात उतरवायच्या आधी वाच. उजव्या विंगची एकच जागा उरलीय आणि पुढच्या वर्षी ती वयोगटातून बाहेर जाणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून तीन कागद लिहून फाडले, हा चौथा.

जमेच्या बाजू आधी, त्या लिहायला सोप्या. पहिल्या दहा पावलांत हिला धरणारी पोर मी नांदेड जिल्ह्यात पाहिली नाही, तुलाही धरून सांगतो. रागावू नकोस. चेंडू यायच्या आधी मान वर करून कोण कुठं आहे ते बघते. हे मी शिकवलेलं नाही, उगाच श्रेय घेत नाही. पहिल्याच टचला चेंडू समोरच्या बॅकपासून लांब नेते. क्रॉसबद्दल पुढं लिहितो.

उणिवा म्हणशील तर डावा पाय फक्त उभं राहायला आहे. हेडर मारताना डोळे मिटते. चेंडू गेला की मागे यायचा हिला कंटाळा, आपल्या बॅकला एकटीला मरू देते. मी रोज बोलतो, ती रोज ऐकून घेते, पुढं काही नाही. पन्नास मिनिटांनंतर दम लागतो, पण तुमच्याकडचं दूध-अंडी पोटात गेली की तो प्रश्न मिटेल.

आता पहिल्या चाचणीबद्दल तू फोनवर विचारलेलं. "सगळी लाइन मोकळी असताना पोरगी आत वळून गर्दीत का घुसते? सहा वेळा घुसली, सहाही वेळा चेंडू घालवला." मी लाइनीबाहेर उभा होतो, मी सात मोजल्या. मग तू विचारलंस, "धक्क्याला भिते का?" आणि मी म्हणालो, "हो, थोडी भित्री आहे."

ती भित्री नाही.

तुझ्या वेळचं आपलं ग्राउंड आठव. शाळेच्या भिंतीकडची उजवी लाइन तू पळून पळून गुळगुळीत केली होतीस. आता त्या कडेची बारा पावलांची पट्टी बंद असते. ऑक्टोबरात सोयाबीन, मग तूर, फेब्रुवारीपासून शिजवलेली हळद तिथं वाळत पडते. आपला सराव एकाच गोलवर चालतो, त्यामुळे उजव्या विंगच्या वाट्याला कायम तीच कड. चार वर्षं ऋतुजा तिथंच खेळतेय. पट्टी आली की आत वळायचं, हे तिच्या पायांना पाठ झालंय.

लोक रस्त्यावरसुद्धा माल वाळत घालतात, यात विशेष काय, असं तुला वाटेल. मलाही इथंच थांबायचं होतं. फाडलेल्या तिन्ही कागदांवर थांबलोच होतो.

हळद माझी आहे. सोयाबीन, तूर, तेही माझंच. वाटणीत खळं धाकट्या भावाकडे गेलं, ग्राउंडची किल्ली माझ्याकडे होती, आणि मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. "हळदीवर पाय पडला तर पाच फेऱ्या" हा नियम मी केला. खेळाच्या तासाला, गळ्यात शिट्टी घालून केला.

मागच्या वर्षी याच दिवसांत ऋतुजा एकदा वळली नाही. बॅकला बाहेरून काढलं, हळदीतून सरळ गेली आणि पळता पळता असा क्रॉस टाकला की गोलसमोरच्या उज्ज्वलाला नुसतं डोकं लावायचं उरलं. गोल झाला, पोरी नाचायला लागल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपल्या ग्राउंडवर असा क्रॉस मी पाहिलेला नाही. आणि मी सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली वाजवली. पंचफुलाबाई तिथंच होती, ती माझ्याकडे हळदीच्या कामाला येते. "जाऊ द्या सर, लेकरू हाय," एवढंच म्हणाली आणि लेकीकडे न बघता विखुरलेली हळकुंडं गोळा करत बसली. त्यानंतर ऋतुजा बाहेरून गेली नाही. मला त्याची लाज वाटते. वर्षभर वाटतेय, आणि या वर्षीही मी हळद तिथंच घातली.

परवा, बुधवारी, भावाच्या हातापाया पडून सगळी हळद त्याच्या खळ्यावर नेली. लाइनीवर नवा चुना मारला. ऋतुजाला बोलावून सांगितलं, तू भित्री नाहीस, चूक माझी आहे.

"मंग ताईला तसं का सांगितलं? आई तवा तुमच्या शेतातच होती, तिनं ऐकलं."

त्यावर मी म्हणालो, "पळ आता, लाइन मोकळी आहे." ती पळाली आणि त्याच जागी वळली. परत पाठवलं, परत वळली. बारा वेळा पाठवलं, बाराही वेळा आत. मी लाइनीवर उभा राहून "बाहेरून! बाहेरून!" ओरडत होतो. घसा बसला. रविवार तोंडावर आलेला, आणि इतकी वर्षं केलेलं मला एका संध्याकाळी निस्तरायचं होतं.

शेवटी ती कमरेवर हात ठेवून थांबली. धापा टाकत म्हणाली, "सर, एक बोलू? मारणार न्हाई ना?"

"बोल."

"हळद गेली, पर तुम्ही तिथंच हाय की. तुम्ही बघून राहिले की माझे पाय आत वळायलेत. तुम्ही जावा."

मी गेलो. शाळेच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शिट्टी काढून खिशात घातली. बराच वेळ नुसते चेंडूचे आवाज. मग पोरींचा एकच गलका झाला आणि उज्ज्वला धावत आली. "सर, ऋतुजा भायेरून गेली! दोनदा!" मला बघायला जावंसं फार वाटलं. गेलो नाही. काल चारदा गेली म्हणे, आज जवळजवळ प्रत्येक वेळी. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही, ऐकलेलं लिहितोय.

तिची जागा उजवी विंग. आत वळणं कामी येईल म्हणून डावीकडे लावून बघू, असं तू म्हणालीस. नको. ते वळणं तिचं नाही, माझं आहे, त्यावरून तिची जागा ठरवू नकोस. पहिल्या दोन-तीन वेळा वळली तर गप्प राहा. ओरडू नकोस, जवळ जाऊन उभी राहू नकोस. एवढा वेळ तिला दे.

हे पत्र निवड समितीला दाखवायचं तर दाखव. शाळेत कळलं तर जे व्हायचं ते होईल, पोरीला मारल्याचं मुख्याध्यापकांना मी सोमवारी स्वतःच सांगणार आहे.

मायलेकी शनिवारी दुपारी नांदेडहून निघतील. त्यांना तुझ्याकडे ठेवून घे. पंचफुलाबाई संकोचेल, तू आग्रह कर. मी येणार नाही.

सोबत तिच्या प्रवेशाचा फॉर्म जोडलाय. सगळं भरलंय, फक्त 'प्रशिक्षकाचे नाव' कोरं ठेवलंय. तिला घेतलंस, तर तिथं तुझं लिही.

शिवशंकर