पांढऱ्या आई-बापांची पिवळी पिल्लं

५ मार्च १९६२
उंदरांचे पिंजरे धुतले. मुताचा वास हातातून जात नाही, साबण लावा नाहीतर राख. एका मादीनं पिल्लू खाल्लं, अर्धं तसंच टाकलं. उचललं मीच. प्रयोगशाळेत आणलेले हे नवे उंदीर कानापासून शेपटीपर्यंत पिवळे. चालताना झोकांड्या खातात. बघवत नाही.
आमची दोन्ही बाळं अशीच. आधी मुलगी, मग मुलगा. बुबुळाभोवती हळद. दोन महिनेही जगली नाहीत.

८ मार्च
सायकलवरून बावधनला घरी पोचलो तर आई दारात, शेजारणीला सांगत होती, "माज्याच भावाची लेक सून करून आनली, पर कूस नासकी निघाली." शेवंता आत भाकरी थापत होती. सगळं ऐकू जात होतं. मी पाय धुतले, जेवायला बसलो. दोन भाकरी खाल्ल्या.

१४ मार्च
प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंना विचारलंच, हे पिवळे का? म्हणाल्या, जुन्या रक्तातून पिवळं द्रव्य सुटतं. ते विरघळवून बाहेर काढायला यकृतात एक एन्झाइम लागतं. ते बनवणारं जनुक ह्यांच्यात बिघडलंय. एक जनुक आईचं, एक बापाचं. दोन्ही बिघडली तरच पिल्लू पिवळं. "आई-बाप बघ, पांढरेशुभ्र, धडधाकट."
माणसांत? "क्वचित. नात्यातल्या लग्नात जास्त." घरचं सांगितलं. म्हणाल्या, "न तपासता नक्की सांगता येणार नाही. पण तसंच वाटतंय. आणि तसं असेल तर दोष एकट्या बायकोचा नाही."
जाऊन धुतलेले पिंजरे पुन्हा धुतले.

१५ मार्च
घरी सांगणार होतो. नाही सांगितलं.

२० मार्च
आता शेवंताची धाकटी बहीण, तारा, माझ्यासाठी करायची म्हणे. आई म्हणाली, "थोरलीचं न्हाई जमलं, धाकटीचं जमंल." मामाही तयार, स्वतःच्या दोन्ही लेकी एकाच घरात! शेळ्या आहेत का ह्या? आणि मी काय म्हणालो? "बघू." थू माझ्या जिण्यावर.

२५ मार्च
मामा बोलणी करायला आले. चहा व्हायच्या आत बोलून टाकलं. "मामा, बिघाड माज्यातबी आसंल. मला आईकडनं, शेवंताला तुमच्याकडनं. ताराला केली तर पुन्ना त्येच हू शकतं."
आई कडाडली, "उंदराचा गू काडून डोस्कं फिरलंय ह्याचं! माज्या म्हायेराला खोट लावतोस?"
मामा उठले. "इचार करतो." चहा तसाच.
शेवंता चुलीपुढनं हलली नाही. "तुमाला कवा कळलं ह्ये?"
"चौदा तारखंला."
"म्हंजी अकरा दिस." आणि तव्यावरची भाकरी उलटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं...

२ एप्रिल
शेवंताचा आठ दिवस अबोला. आई आता माझ्यासमोर तिला शिव्या देत नाही, विहिरीवर देते. मामांचा निरोप नाही.
आज निघताना शेवंता सायकलला आडवी आली. "मला उंदीर दावा."
म्हटलं, ती पिवळी पिल्लं बघून काय करणार?
"पिवळी न्हाई. त्येंचं आयबाप."