मामा-मामींचे साडेपाच गुण

लकडगंज, नागपूर
मे १९८७

तीर्थरूप गणपतमामा यांस,

पुष्पलताचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? कुसुममामींनी काढून दिलेले तेल तुम्ही रोज लावता की बाटली नुसती खिडकीत उन्हाला ठेवली आहे, हे आईने मुद्दाम विचारायला सांगितले आहे. (मामींनाही वेगळे विचारणार आहोत, तेव्हा खरे तेच कळवावे.) इकडे बाबा बरे आहेत. आरागिरणीतला भुसा घशात जातो म्हणून ते गुळाचा खडा तोंडात ठेवून हिंडतात आणि मी बी.एस्सी. झालेली मुलगी असून मला गुळाचा त्यावर काय उपयोग ते सांगता येत नाही, याची त्यांना गंमत वाटते.

आता मुद्द्याचे. मागच्या महिन्यात तुम्ही पारशिवनीच्या हायस्कुलातल्या रवींद्ररावांचे स्थळ माझ्यासाठी आणले आणि आमच्या भैयाजींच्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून घेतली. छत्तिसांपैकी नऊ गुण आले. तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "मशीन काहून खोटं बोलन वं? जाऊ दे, दुसरं पाहू." रवींद्ररावांचे वडील नात्यातल्या लग्नाच्या गडबडीत बाहेरगावी आहेत, ते परतले की नकार सांगतो, असेही म्हणालात. मी त्या वेळी चुलीवर भात असल्यामुळे बोलू शकले नाही. म्हणून आता लिहिते. मशीन खोटे बोलत नाही हे बरोबर आहे, पण मशीनला जे सांगावे ते सगळेच खरे धरते, त्याचे काय? नकार अजून सांगितला नसेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचेस्तोवर सांगू नये, ही विनंती.

मी काम करते ते केंद्र तुम्ही पाहिलेच आहे. इतवारीत खाली भैयाजींचे भांड्यांचे दुकान आणि वर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला उन्हाळ्याचा त्रास होऊ नये म्हणून वाळ्याचा कूलर त्याच्याकडे तोंड करून ठेवला आहे आणि आम्ही माणसे त्याच्या मागे बसतो. प्रोग्रॅम भैयाजींच्या पुण्याच्या पुतण्याने पाठवला. तो आला त्याच दिवशी भैयाजींनी मशीनची पूजा केली (थोडे कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेले, ते काढण्यात दोन दिवस गेले) आणि तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइके सुरू. प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे कोणीच पाहिले नव्हते. मीसुद्धा नाही. तुमच्याबरोबर रवींद्रराव वर आले होते, त्यांनी मात्र विचारले, "हे उत्तर बरोबर आहे हे कशावरून?" भैयाजी म्हणाले, "अहो मास्तर, कॉम्प्युटर आहे ना." तुम्ही आणि भैयाजी हसलात. मला हसू आले नाही. तीन वर्षे कॉलेजात विज्ञान शिकून तो प्रश्न माझ्या मनात का आला नाही, याचा मी रात्रभर विचार केला.

म्हणून मी प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायचे ठरवले. एकेक पत्रिका हाताने घालून उत्तर पाहत बसले तर दिवाळी उजाडली असती, शिवाय माणूस कंटाळला की त्याला चुकीचेही बरोबर दिसते. तेव्हा मी दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो मोठ्या प्रोग्रॅमला आपणहून एकामागून एक जोडपी देतो, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो आणि समोर 'ठीक' किंवा 'चूक' असे छापतो. ही युक्ती फार उपयोगी आहे, फक्त अपेक्षित उत्तर कुठून आणायचे ते आधी नीट ठरवावे लागते. इथे माझी गाडी घसरली. मी विचार केला, ज्यांचे संसार सुखाचे आहेत त्यांचे गुण जास्त यायला पाहिजेत आणि जे भांडतात त्यांचे कमी. म्हणून सुखी जोडप्यांत तुमचे व मामींचे नाव सर्वांत वर घातले, आणि भांडणाऱ्यांत आमचे शेजारी रुपराव आणि इंदुताई, ज्यांचा आवाज तुम्ही ऐकला आहे.

रुपराव-इंदुताईंना तेहतीस गुण आले. तुम्हाला व मामींना साडेपाच.

मामा, मी गोंधळून गेले. पण तुम्ही दोघे चुकीचे असणे शक्य नव्हते, तेव्हा प्रोग्रॅमच चुकीचा असे धरून मी तो दुरुस्त करायला बसले. तुमच्या नक्षत्रांना थोडे गुण वाढवले तर सुखी जोडप्यांतल्या शोभाताई-रामाजींचे बिघडले. त्यांचे सावरले तर इंदुताई पुन्हा वर चढल्या. एका वेळी एकच बदल करावा आणि जुनी प्रत वेगळ्या फ्लॉपीवर ठेवावी, हे शिकवलेले होते, पण मला घाई झाली होती. शेवटी एका दुपारी सगळ्यांपुढे 'ठीक' आले. मी भैयाजींना हाक मारली. त्यांनी हौसेने स्वतःची पत्रिका घातली आणि जोडीला, हाताशी दुसरी कोणाची तारीख नव्हती म्हणून, आपल्या साळ्याची. त्या साळ्याशी ते मागच्या संक्रांतीपासून बोलत नाहीत. पस्तीस गुण आले. भैयाजी पडद्यावरचा आकडा बोट ठेवून वाचत म्हणाले, "पोरी, हे मशीन तं वकिलापेक्षा चांगलं हाय." मग खाली निघून गेले.

तेव्हा मला कळले की मी प्रोग्रॅम तपासत नव्हते, त्याला माझ्या मनासारखे बोलायला शिकवत होते. पुण्याहून मूळ फ्लॉपी पुन्हा मागवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी संसार सुखाचा की कसा हे सगळे बाजूला ठेवले. ज्यांच्या पत्रिका गुरुजींनी पंचांग पाहून हाताने मांडल्या आहेत, अशा माणसांच्या जन्मतारखा घातल्या आणि फक्त नक्षत्र जुळते का ते पाहिले. लहान गोष्ट तपासली म्हणजे चूक लपायला जागा राहत नाही. बहुतेक सगळे जुळले. जे चुकले त्यांची कागदावर रांग लावली आणि त्यांच्यात सारखे काय आहे ते शोधत बसले. गाव वेगळे, साल वेगळे, महिना वेगळा. सारखे एवढेच, की ते सगळे मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आधी जन्मलेले होते. त्यांत मीही होते. गुरुजींनी माझे नक्षत्र रोहिणी लिहिले आहे, मशीन कृत्तिका म्हणत होते.

घरी येऊन आईला विचारले की मी नेमकी कधी जन्मले. म्हणाली, सोमवारी रात्री दोनला. मी म्हटले, आई, रात्री दोनला मंगळवार लागलेला असतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंगळवार कसा वं? उजाडलं तरी होतं का?" झाले. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो, मशीनचा बारा वाजता बदलतो. आपण सोमवारची तारीख सांगतो आणि ते बिचारे एक दिवस आधीचा चंद्र काढून बसते. माझी तारीख तुम्हाला मीच तोंडपाठ सांगितली होती, पण सुदैवाने तुम्ही पत्रिकेवरचे नक्षत्र सांगितलेत, त्यामुळे माझी बाजू बरोबर होती. रवींद्ररावांची पत्रिका मांडलेली नाही. त्यांचे तुम्ही 'बारा तारखेच्या रात्री अडीच' असे सांगितले होते. म्हणजे त्यांचे नक्षत्र चुकले असणार आणि ते नऊ गुण बहुधा रवींद्ररावांचे नव्हेतच.

आता वेळ विचारताना मी प्रत्येकाला 'उजाडायच्या आधी की नंतर' हेही विचारते. प्रोग्रॅम सुधारला आहे आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घेतली आहे, कारण एक चूक काढताना दुसरी आत शिरते. (तुम्ही आणि मामी दोघेही दिवसा जन्मलेले, त्यामुळे तुमचे साडेपाच तसेच राहिले. हे लिहायचे नव्हते, पण तपासणाऱ्याने खरे ते लिहावे.) तेव्हा कृपा करून रवींद्ररावांच्या आईंना विचारून बारा तारीख म्हणजे नेमकी कोणती रात्र ते कळवावे. हे मी केवळ शास्त्रीय दृष्टीने लिहीत आहे. स्थळाचे काय करायचे ते तुम्ही आणि आई-बाबा ठरवालच.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावावे, हे पुन्हा सांगते.

तुमची आज्ञाधारक भाची,
पुष्पलता

ता.क. रवींद्ररावांच्या आईंना विचारण्याची तसदी घेऊ नये. रवींद्ररावांकडूनच ते कळले. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या घ्यायला ते गुरुवारी इतवारीत आले होते, तेव्हा सहज वर आले. (काचेच्या नळ्या भांड्यांच्या दुकानात मिळत नाहीत, हे मी त्यांना सांगितले. त्यांना माहीत होते.) रात्र बाराच्या पुढची, म्हणजे तारीख तेराच.

आणखी एक ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी तेरा तारीख घालून पाहिली. आधी नऊ गुण होते, आता साडेचार आले. पुन्हा पुन्हा पाहिले, हाताने पंचांगावरूनही काढले. प्रोग्रॅममध्ये चूक नाही.

तरी माझा होकार आहे, तो त्यांच्या वडिलांना कळवावा. तुमच्या आणि मामींच्यापेक्षा आमचा एकच गुण कमी आहे.